वेबटून : सवड असेल तर फुकट, घाई असेल तर कॉइन

वेबटून हे कोरियातल्या नेव्हर कंपनीचं चित्रकथांचं ॲप भारतात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतं, ब्राउझरमध्येही चालतं. ॲपला पैसे लागत नाहीत आणि त्यातल्या कितीतरी मालिका एक रुपयाही न मोजता वाचता येतात. मराठी नाही, हिंदीही नाही; आपल्याला इंग्रजी आवृत्तीवरच भागवावं लागतं. इंग्रजी वाचनाची सवय असेल आणि आठवड्याला एक भाग एवढ्यावर समाधान मानता येत असेल, तर फोनवर याच्याइतकी भरघोस रंगीत चित्रकथा दुसरीकडे सापडणं कठीण आहे. एका बैठकीत सगळी मालिका फस्त करायची खोड असेल, तर मात्र खिशाला चांगलीच चाट बसते. हे ॲप मुळात घाईचे पैसे घेतं (तेही कॉइनमध्ये, म्हणजे खरे पैसे देऊन विकत घ्यायच्या ॲपमधल्या चलनात), आणि त्याची सगळी रचना त्याच भोवती फिरते.

ही रचना कुठून आली ते पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियात छापील चित्रकथांचा धंदा बसत गेला. लोक पुस्तकं विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणून वाचत, आपल्याकडे गल्लीतल्या वाचनालयातून कादंबऱ्या यायच्या तशा. त्यामुळे लेखक-चित्रकारांच्या हाती फार काही पडत नसे. त्याच काळात तिथे घरोघरी ब्रॉडबँड पोचलं. दाउम आणि नेव्हर या पोर्टलना लोकांनी रोज परत यावं म्हणून काहीतरी फुकट द्यायचं होतं आणि चित्रकारांना जागा हवी होती. २००३ मध्ये दाउमवर कांग फुल यांची एक प्रेमकथा क्रमशः येऊ लागली. पानं उलटायची नाहीत, माउसचं चाक फिरवत खाली खाली जायचं, अशी तिची मांडणी होती. ती तुफान चालली. २००४ मध्ये नेव्हरनेही आपला विभाग उघडला. तो वाढवणारे किम जून-कू हे कंपनीत सर्च विभागाचे अभियंते म्हणून आलेले, आणि चित्रकथांचे वेडे.

नेव्हरने बसवलेली शिस्त आजही ॲप उघडताच दिसते: प्रत्येक मालिकेला आठवड्याचा एक वार. सोमवारची सोमवारी, गुरुवारची गुरुवारी. वाचकाला पंचांग लागत नाही आणि चित्रकाराला सुटका नाही. २००९ च्या अखेरीस आयफोन कोरियात आला तेव्हा ही उभी चित्रकथा आयती तयार होती. पुस्तकाच्या पानासाठी काढलेलं चित्र फोनवर वाचताना चिमटीने मोठं करत बसावं लागतं, याला अंगठा पुरतो. मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, डिजिटल दुकानदार पानं छोट्या पडद्यात बसवायच्या खटाटोपात होते, त्या काळात कोरियन मंडळी एका अंगठ्यासाठीच चित्रं काढत होती. पुढच्या साऱ्या मुसंडीचं मूळ मला यात दिसतं. के-पॉप आणि के-ड्रामाची लाट नंतर मदतीला आली.

२०१३ मध्ये नेव्हरने जाहिराती, सशुल्क भाग आणि वस्तूविक्री यांच्या कमाईत चित्रकारांना वाटा द्यायची पद्धत सुरू केली. २०१४ च्या जुलैमध्ये इंग्रजी आवृत्ती आली. त्यानंतरचा प्रवास मोठ्या आकड्यांचा आहे. २०२१ मध्ये नेव्हरने कथालेखनाचं व्यासपीठ वॉटपॅड ६० कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलं. त्याच वर्षी कोरियातल्याच प्रतिस्पर्धी काकाओ कंपनीने टॅपास आणि रॅडिश ही अमेरिकी ॲप उचलली. २७ जून २०२४ रोजी वेबटून एंटरटेनमेंट ही ॲप चालवणारी नेव्हरची कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली. शेअर २१ डॉलरला, उभारणी ३१.५ कोटी डॉलर. कागदपत्रांत महिन्याला सुमारे १७ कोटी वापरकर्ते आणि दीडशेहून जास्त देश असा पसारा दाखवला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिमाही निकाल आल्यावर शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपटला. याचा वाचकाशी काय संबंध, असं वाटेल. आहे. कंपनीच्या महसुलाचा सुमारे ८० टक्के भाग वाचकांनी विकत घेतलेल्या भागांतून येतो, जाहिरातींचा वाटा त्यापुढे लहान आहे. बाजाराला वाढ दाखवायची तर फुकट वाचणाऱ्याला कॉइनकडे वळवणं भागच पडतं. ॲपमध्ये पैसे देऊन उघडायच्या भागांची कुलपं का वाढली, ते इथे कळतं.

वाचायला सुरुवात करताना

ॲप उतरवल्यावर खातं न उघडताही फुकट भाग वाचता येतात. तरी ईमेलने खातं उघडावं. नाहीतर वाचनाची खूण फोनपुरतीच राहते. फोन बदलला की कोणती मालिका कुठपर्यंत आली होती ते शोधत बसावं लागतं. खातं झालं की आधी नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आणि ऑफरच्या सूचना बंद करा, फक्त घेतलेल्या मालिकांच्या नव्या भागांची सूचना ठेवा. हे केलं नाही तर फोन दिवसभर किणकिणत राहतो.

समोर दोन दालनं दिसतील. 'ओरिजिनल्स' म्हणजे कंपनीने करार करून, मानधन देऊन चालवलेल्या मालिका. 'कॅनव्हास' म्हणजे कुणीही चढवलेल्या. नव्या माणसाने ओरिजिनल्समधल्या पूर्ण झालेल्या एका मालिकेपासून सुरुवात करावी. पहिल्या पानावरच्या लोकप्रिय यादीत मुख्यतः प्रेमकथा आणि सूडकथा दिसतात, तेवढ्यावरून मत बनवू नये. प्रकारानुसार यादी लावून गूढकथा, विनोद, रोजच्या जगण्याच्या छोट्या गोष्टी हे कप्पे चाळावेत. छोट्या विनोदी मालिकांचे भाग लहान असतात. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये एक उरकतो.

डेटाकडेही लक्ष असू द्या. एक भाग म्हणजे मजकुराची फाइल नव्हे, पूर्ण रंगीत चित्रांची लांबलचक पट्टी. प्रवासात वाचायचं असेल तर वायफायवर भाग डाउनलोड करून ठेवावेत, म्हणजे रेंज गेली तरी ऐन प्रसंगात करडे चौकोन बघत बसावं लागत नाही.

कॉइनचा हिशेब

पैसे लागण्याच्या वाटा मुख्यतः दोन, आणि त्यांतला फरक न कळल्याने बरेच जण फसतात.

पहिली फास्ट पास. चालू मालिकेचे पुढचे काही भाग तयार असतात, ते कॉइन देऊन आधी वाचता येतात. थांबलात तर आठवड्याला एक या गतीने फुकट होतात. समजा तीन भाग पुढे ठेवलेले आहेत. तिन्ही विकत घेतले की आज तीन आठवडे पुढे पोचता, छान. पण पुढच्या आठवड्यात फुकट होणारा भाग तुम्ही आधीच वाचलेला असतो. म्हणजे एक तर दर आठवड्याला नव्या भागाचे कॉइन मोजत राहायचं, नाहीतर तीन आठवडे कोरडे काढून परत फुकटवाल्यांच्या रांगेत यायचं. एकदा पैसे देऊन आघाडी कायमची मिळत नाही, ती दर आठवड्याला भाड्याने घ्यावी लागते. त्यामुळे फास्ट पास घ्यायचाच, तर हंगामाच्या शेवटी घ्यावा: पुढे महिनोन् महिने सुट्टी असते आणि शेवट आधी कळल्याने काही बिघडत नाही.

दुसरी डेली पास. ही पूर्ण झालेल्या मालिकांसाठी. सुरुवातीचे काही भाग मोकळे, नंतर प्रत्येक मालिकेमागे दिवसाला एक भाग फुकट उघडतो. ऐंशी भागांची मालिका या गतीने जवळपास तीन महिने चालते. उघडलेला भाग कायमचा उघडा राहत नाही, ठरावीक मुदतीनंतर पुन्हा बंद होतो. म्हणून पास वापरून 'नंतर वाचू' म्हणणं तोट्याचं. आणि खरी मेख शेवटी आहे: अखेरचे काही भाग पासवर मिळत नाहीत, त्यांना कॉइनच लागतात. तीन महिने रोज हजेरी लावलेला वाचक शेवटच्या वळणावर येऊन पाकीट उघडत नाही, असं क्वचितच होत असेल. मालिका सुरू करण्याआधी भागांच्या यादीत अगदी वर जाऊन शेवटच्या किती भागांवर कुलूप आहे ते मोजा आणि तेवढे कॉइन बाजूला धरूनच हात घाला.

यावरचा उतारा सोपा आहे. डेली पास मालिकेमागे असल्याने चार-पाच पूर्ण मालिका एकदम लावून घ्यायच्या, म्हणजे रोज चार-पाच भाग फुकट मिळतात आणि ताटकळणं जाणवत नाही. कॉइन एकगठ्ठा घेतले तर स्वस्त पडतात, पण अँड्रॉइडवर घेतलेले कॉइन आयफोनवर वापरता येत नाहीत, आणि उलटही तेच. फोन बदलायचा विचार असेल तर आधी शिल्लक संपवा. करारांची मुदत संपली की काही मालिका ॲपवरून उतरतात, तेव्हा कॉइन देऊन घेतलेलं सगळं पुस्तकासारखं कायम आपल्या कपाटात राहील असं धरून चालू नये.

थांबणाऱ्याला फुकट देण्याची ही क्लृप्ती मुळात काकाओची. काकाओपेजने २०१४ मध्ये ती कोरियात आणली, मग पिकोमा या ॲपमधून जपानात नेली आणि तिथे तिच्या जोरावर मोठी मजल मारली. नेव्हरचं जपानी ॲप म्हणजे लाइन मांगा. २०२४ मध्ये वेबटूनच्या महसुलात सर्वांत मोठा वाटा जपानचाच होता. मांगाच्या माहेरघरी जाऊन मिळवलेलं हे यश आहे. खुद्द कोरियात नेव्हरचं चलन 'कुकी'. एक कुकी १०० कोरियन वॉनला मिळायची. गूगलने ॲपमधल्या खरेदीचे नियम आवळल्यावर २०२२ मध्ये अँड्रॉइड ॲपमधला भाव १२० वॉन झाला, वेबसाइटवर मात्र १०० च राहिला.

वाचण्याची मजा

चांगली उभी चित्रकथा चौकटींमधल्या रिकाम्या जागेवर चालते. पुस्तकाच्या पानावर पुढची चौकट डोळ्याच्या कोपऱ्यात आधीच दिसत असते, इथे ती अंगठा सरकवल्याशिवाय येत नाही. दोन संवादांमध्ये थोडी जागा असली तर बोलणं चटपटीत वाटतं. तीच जागा पडदाभर वाढवली की पात्र गप्प झालंय हे न लिहिता कळतं. पांढऱ्या पट्टीचा रंग हळूहळू गडद होत काळा झाला की समजायचं, रात्र पडली किंवा आठवण सुरू झाली. उंचावरून कोसळणारं पात्र तीन पडदे लांबीच्या एकाच चित्रात काढलेलं असतं आणि वाचणारा स्वतःच्या बोटाने त्याला खाली पाडतो.

या तंत्राचा टोकाचा नमुना होरांग यांची २०११ मधली 'बोंगछन-दोंगचं भूत' ही छोटी भयकथा. रात्री सोसायटीच्या आवारातून घरी निघालेली मुलगी, समोर वेडीवाकडी चालणारी एक बाई. तुम्ही आपल्या गतीने खाली जात असता आणि एका जागी पानातला कोड सूत्रं हाती घेतो: चौकटी भराभर आपोआप सरकतात, बाईचं डोकं गर्रकन तुमच्याकडे वळतं. स्थिर चित्रांच्या कथेत असं होईल याची कुणाला कल्पनाच नव्हती. आवाज बंद ठेवूनही दचकायला होतं. भित्र्या माणसाने दिवसा वाचावी.

खटकणाऱ्या गोष्टी

साचा. नायक किंवा नायिका मरते आणि भूतकाळात परत जाते, किंवा कादंबरीतल्या खलनायिकेच्या देहात जागी होते, किंवा नवा जन्म घेते. मग पुढचं सगळं ठाऊक असल्याने सूड उगवते. कोरियात या तिन्हींना मिळून 'ह्वे-बिंग-ह्वान' असं आद्याक्षरी नावच पडलंय. हे इतकं का फोफावलं, याचं उत्तर पुन्हा आठवड्याच्या वेळापत्रकात आहे. दर आठवड्याला वाचकाला काहीतरी पदरात पडलं पाहिजे आणि शेवटी पुढच्या भागाची ओढही लागली पाहिजे. ज्याला पुढचं माहीत आहे असा नायक दर आठवड्याला एकेक डाव जिंकू शकतो. दहा मालिकांत गंमत वाटते, अकराव्यात शेवट तिसऱ्या भागातच दिसू लागतो.

भाषांतर बहुतेक वेळा सफाईदार असतं, पण नावं बदलण्याची सवय आहे. 'लुकिझम' मालिकेतला पार्क ह्योंग-सोक इंग्रजीत डॅनियल पार्क होतो. त्यावरचं ॲनिमेशन नेटफ्लिक्सवर पाहिलं की मूळ नावं ऐकू येतात आणि कोण कुठला हा गोंधळ उडतो.

सगळ्यात गंभीर बाब म्हणजे चित्रकारांचे हाल. एका आठवड्याच्या भागात साधारण ६० ते ८० रंगीत चौकटी लागतात. एकट्याने हे वर्षानुवर्षं झेपत नाही, म्हणून आता मोठ्या मालिकांत कामाची वाटणी असते: एक जण कथा, एक जण 'कोंती' म्हणजे कच्चा आराखडा, मग रेषा, रंग, पार्श्वभूमी वेगवेगळ्या हातांत. खोल्या आणि इमारती बऱ्याचदा तयार त्रिमितीय मॉडेलवरून उचललेल्या असतात, म्हणून वेगवेगळ्या मालिकांतले राजवाडे आणि कॅफे सारखेच दिसतात. २०१० पासून चालत आलेली 'टॉवर ऑफ गॉड' २०२० मध्ये चित्रकाराच्या प्रकृतीपायी जवळपास वर्षभर थांबली होती. तेव्हा आवडती मालिका मध्येच थांबली तर ॲपला एक तारा देऊन मोकळं होण्याआधी चित्रकाराची सूचना वाचावी. २०२३ मध्ये एका नव्या मालिकेत एआय वापरल्याच्या संशयावरून कोरियन वाचकांनी तिला तळाचे गुण दिले आणि हौशी चित्रकारांनी नेव्हरच्या खुल्या विभागात निषेधाची मोहीम चालवली. वाचक तिथे हाताच्या रेषेबद्दल बरेच हळवे आहेत.

प्रतिक्रियांचा विभाग एकंदरीत मजेचा असला तरी फास्ट पासवाले पुढचं फोडून ठेवतात. भाग संपल्यावर लगेच खाली जाऊ नका, एवढाच उपाय.

पर्याय हवा असेल तर टॅपासवर छोट्या, वेगळ्या चवीच्या मालिका जास्त मिळतात. तिथलं चलन 'इंक'. इंग्रजी नको असेल तर टूनसूत्र हे भारतीय ॲप हिंदी, तमिळ, तेलुगूतून अशा उभ्या चित्रकथा देतं. मालिकांची संख्या वेबटूनच्या तुलनेत तोकडी, पण मुलांना हिंदीतून द्यायला बरं. चोरट्या साइटवर सगळं फुकट मिळतं हे खरं. तिथे चित्रांचे कोपरे खाल्लेले, मध्येच जुगाराच्या जाहिराती, आणि साइट कधी गुल होईल याचा नेम नाही. कोरियात 'बामतोकी' ही अशीच एक अवाढव्य साइट २०१८ मध्ये पोलिसांनी बंद पाडली आणि चालवणाऱ्याला अटक केली.

स्वतः काढायचं असेल तर

कॅनव्हास सर्वांना खुलं आहे, कोल्हापूरच्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही. तिथे चढवलेल्या कथेचे हक्क चित्रकाराकडेच राहतात. मराठीचा वेगळा विभाग नाही, त्यामुळे वाचक हवे असतील तर संवाद इंग्रजीत लिहावे लागतात.

कॅनव्हासवर लांब पट्टी तुकडे करून चढवायची असते: चित्राची रुंदी ८०० पिक्सेल, एका तुकड्याची उंची जास्तीत जास्त १२८०, एका भागात १०० तुकडे, सगळं मिळून २० एमबीच्या आत, जेपीजी किंवा पीएनजी. काढताना मात्र दुप्पट म्हणजे १६०० रुंदीवर काढावं आणि शेवटी लहान करावं. रेषा स्वच्छ राहते, शिवाय पुढे छपाईची वेळ आली तर हाताशी काहीतरी असतं. तुकडे कापताना काप नेहमी रिकाम्या जागेत घ्या. चेहऱ्यावरून किंवा संवादफुग्यावरून काप गेला तर काही फोनवर दोन तुकड्यांमध्ये केसासारखी बारीक रेघ दिसते. ८०० रुंदीच्या हिशेबाने एकाच प्रसंगातल्या चौकटींमध्ये साधारण २०० पिक्सेल जागा पुरते, प्रसंग किंवा वेळ बदलताना ६०० ते १००० सोडा. नवखे नेमकी इथे कंजुषी करतात आणि कथा धापा टाकत पळते.

सुरुवात एका भागाने करू नये. तीन भाग एकदम चढवा आणि आणखी चार-पाच तयार ठेवून मगच वार जाहीर करा. आजारपण आणि परीक्षा यांना वार समजत नाही. कमाईची आशा सुरुवातीला ठेवू नये. जाहिरातींतल्या वाट्यासाठी १००० सदस्य आणि महिन्याला ४०,००० पृष्ठदर्शनं अशी अट घातली गेली होती, तीही आधी फक्त अमेरिकेतल्या वाचकांची धरून. चालू अट कॅनव्हासच्या मदत-पानावर पाहूनच हिशेब मांडा.

मराठी संवादांची उभी कथा इन्स्टाग्रामवर किंवा स्वतःच्या साइटवर टाकणाऱ्यांनाही हीच मापं चालतात. फक्त अक्षर इंग्रजीपेक्षा मोठं घ्या आणि ओळींमध्ये अंतर वाढवा, कारण वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत असतील, 'क्रमशः' मधला 'क्र' सुटा पडत असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि नवी फाइल घ्या. जुन्या फाइलमधला मजकूर तसाच तुटका राहिला, तर तो स्तर निवडून परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये हाच पर्याय वेगळा लावावा लागतो.